आत्तीच्या गळ्यातलं ‘क्वांटम पेंडंट’ आणि नोबेलच्या नावानं फिरणारा मेसेज

गेल्या रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आत्तीकडे गेले होते. आत्ती सत्तरीची आहे. रक्तदाबाची गोळी तिला बारा वर्षं चालू आहे, रोज सकाळी चहानंतर एक. गोळ्यांची पट्टी फ्रिजवर असते. पट्टी जागेवर होती, पण महिन्याच्या सुरुवातीला मी आणून दिलेल्या गोळ्यांतल्या चारच कमी झाल्या होत्या. दिवस मोजले. अकरा गोळ्या चुकल्या होत्या. विचारलं तर तिनं पदराआडून काळ्या दोऱ्यात ओवलेली एक गुळगुळीत काळी चकती काढून दाखवली. “आता गोळ्या कशाला गं? हे घातल्यापासून गुण आलाय बघ. डोकं शांत हाय, गुडघं हलकं झाल्यात.”

तशीच उठवून तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेली. १७८ वर १०४. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, १७६ वर १०२. आत्तीला काहीही त्रास होत नव्हता. तिला बरंच वाटत होतं, आणि भीती मला त्याचीच वाटली.

चकती साडेतीन हजारांची. भजनी मंडळातल्या ओळखीच्या बाईंनी दिली, आणि सोबत व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज पाठवला. तोच मेसेज मला त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या गटांतून आला होता. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि एमएस्सीला माझा प्रकल्प होता तो नेमका याच विषयावर, द्विमितीय, म्हणजे नुसती लांबी-रुंदी असलेल्या सपाट थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हालचालींवर. त्यामुळे पहिल्यांदा आला तेव्हा वाचला, चिडले आणि सोडून दिला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर आत्तीच्या अकरा गोळ्या चुकल्या नसत्या. म्हणून आता लिहितेय.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. ग्राफीन नावाच्या द्विमितीय पदार्थात इलेक्ट्रॉन एकत्र नाचतात, त्याला ‘कलेक्टिव्ह एक्सायटेशन’ म्हणजे ‘सामूहिक चैतन्य’ म्हणतात. या संशोधनाला १९९८ आणि २०१० ची नोबेल पारितोषिकं मिळाली. शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनचे तीन तुकडे करून आत कोंडलेली ऊर्जा मोकळी केली. २०२४ मध्ये याच थरात गुरुत्वाकर्षणाचा कण सापडला. ही सगळी शक्ती पेंडंटमध्ये भरली आहे. ते मोबाईलचं रेडिएशन शोषतं, मीटरवर चिकटवलं तर लाईटबिल तीस टक्क्यांनी उतरतं, गळ्यात घातलं की गुडघ्यांवरचा भार कमी होतो, आणि रात्रभर तांब्यात टाकून ते पाणी प्यायलं की बीपी-शुगरच्या गोळ्या बंद. हे सारं एका भारतीय शास्त्रज्ञानं सिद्ध केलं, पण औषध कंपन्या दाबून ठेवतात.

शेवटच्या टोकापासून सुरुवात करते, कारण जीव तिथे अडकलाय.

“रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी प्या, गोळ्या बंद करा”

गोळ्या बंद करू नका. हा लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल, पण एवढं घरातल्या थोरांना सांगा.

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस चालताबोलता असतो. आत मेंदूच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो रोज ताण देत असतो. त्यामुळे “मला बरं वाटतंय” हे रक्तदाब उतरल्याचं माप होत नाही, माप पट्टा बांधूनच घ्यावं लागतं. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर तो उसळी मारून पूर्वीपेक्षाही वर जातो. इन्शुलिन बंद करणाऱ्याची गत तर याहून वाईट, काही वेळा दिवस-दोन दिवसांत जिवावर बेतते.

आता त्या पाण्याकडे येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा आणि किरणोत्सर्ग संरक्षण प्राधिकरणानं, एएनव्हीएसनं, बाजारातल्या दहा वस्तूंविरुद्ध जाहीर इशारा दिला. ‘फाईव्ह-जीपासून संरक्षण’, ‘नकारात्मक आयन’ अशा नावांनी त्या विकल्या जात होत्या. त्यांत ‘क्वांटम पेंडंट’ म्हणून विकले जाणारे बिल्ले होते, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती आणि लहान मुलांच्या हातात घालायचं एक कडंसुद्धा होतं. तपासणीत या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. मोबाईलमधून निघतात तशा रेडिओलहरी नव्हेत, अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून पेशींना इजा करू शकणारा खरा आयनकारी किरणोत्सर्ग. प्राधिकरणाचा सल्ला असा होता: घालणं बंद करा, सुरक्षित बाजूला ठेवा, परतीच्या सूचनेची वाट पाहा. विक्री थांबवायला सांगितली.

या बिल्ल्यांत ‘ज्वालामुखीची खनिजं’ म्हणून जी पूड घालतात, तीत थोरियम किंवा युरेनियम ही किरणोत्सर्गी मूलद्रव्यं असलेली खनिजं असू शकतात. थोरियमचं अर्धायुष्य (त्यातलं निम्मं विरायला लागणारा काळ) सुमारे १४०० कोटी वर्षं, म्हणजे तो बिल्ला आपल्या नातवंडांच्या पतवंडांच्या काळातही तसाच असणार. मात्रा कमी असते, हेही सांगायला हवं. एक दिवस घातला म्हणून कुणाला काही होणार नाही. पण एएनव्हीएसचा मुद्दा सततच्या वापराचा होता: रात्रंदिवस, महिनोनमहिने त्वचेला चिकटून राहिला तर. आणि हा मेसेज नेमकं तेच करायला सांगतो. वर तो पाण्यात भिजवून ते पाणी प्यायलाही सांगतो! आत कसली पूड आहे हे वेष्टनावर कुठेही लिहिलेलं नाही, अशी वस्तू रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी उपाशीपोटी घ्यायचं. आत्ती हे आठवडाभर करत होती, तांब्याच्या तांब्यात.

कुतूहल म्हणून ही चकती फोडून किंवा कानशीनं घासून पाहू नका. थोरियमची पूड श्वासातून आत जाणं हे ती गळ्यात घालण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आणि विकणाऱ्यांनी हेही ऐकावं: ‘औषधे आणि चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४’ आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहे. मधुमेह आणि रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. मेसेज पुढे ढकलणारी भजनी मंडळातली बाई गुन्हेगार आहे असं मी म्हणत नाही, तिनं स्वतःसाठीही एक घेतलंय. पण ज्यानं हा मजकूर पहिल्यांदा बसून लिहिला, त्याला आपण काय लिहितोय ते ठाऊक होतं. नोबेलची वर्षं बरोबर शोधून घालणाऱ्याला बाकीचं माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

“कलेक्टिव्ह एक्सायटेशन म्हणजे सामूहिक चैतन्य”

सगळी फसवणूक या एका भाषांतरावर उभी आहे. भौतिकशास्त्रात एक्सायटेशन म्हणजे उत्तेजन: एखादी व्यवस्था तिच्या सगळ्यात शांत, सगळ्यात कमी ऊर्जेच्या स्थितीत असताना तिला बाहेरून ऊर्जा देऊन जरा वर उचलणं. ही ऊर्जा कुणीतरी द्यावी लागते, आणि दिली तरी टिकत नाही. त्याला ‘चैतन्य’ म्हटलं, की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप प्राण, शक्ती, आरोग्य हे सगळं येतं. तो शब्द मुद्दाम निवडलाय.

खरं काय आहे ते पाहायला कोल्हापूरकरांना लांब जायला नको. वारा पडलेला असताना संध्याकाळी रंकाळा तलावावर संध्यामठाच्या बाजूला उभे राहा आणि पाण्यात खडा टाका. लाट पुढे जाते, पाणी जात नाही. तरंगणारं पान जागच्या जागी हेलकावतं आणि लाट त्याच्या खालून निघून जाते. ती लाट कुठल्या एका थेंबाची नाही. एक थेंब बाहेर काढून “यात लाट दाखव” म्हटलं तर दाखवता येणार नाही. पुष्कळांनी मिळून केलेली, पुष्कळांमध्येच असलेली हालचाल म्हणजे सामूहिक उत्तेजन.

सपाट थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचंही असंच असतं. ते एकमेकांना ढकलतात. एका जागी जराशी दाटी झाली की ती शेजारच्यांना रेटते, ते पुढच्यांना, आणि दाटी-विरळीची लाट सगळ्या थरातून धावते. तिला प्लाझ्मॉन म्हणतात. १९६७ मध्ये फ्रँक स्टर्न यांनी द्विमितीय थरासाठी तिचं गणित मांडलं. त्यातून निघालेला नियम खोल पाण्यावरच्या लाटेचाच आहे: तरंगलांबी चौपट केली की वारंवारता निम्मी होते, म्हणजे बदल वर्गमूळाच्या हिशेबानं होतो. रंकाळ्याच्या मधल्या खोल पाण्यात एक मीटर लांबीच्या लाटेचा एक हेलकावा साधारण ०.८ सेकंदात पुरा होतो, चार मीटर लांबीच्या लाटेचा १.६ सेकंदात. इलेक्ट्रॉनांच्या थरात आकडे निराळे, प्रमाण हेच. थराच्या अगदी जवळ धातूचा पत्रा आणला, तर लाट उथळ पाण्यातल्यासारखी वागू लागते आणि लांब लाटा सगळ्या एकाच वेगानं धावतात, जसा काठाजवळ तळ वर आल्यावर पाण्याचा वेग खोलीवर ठरतो. धातूच्या ठोकळ्यात असं नसतं. तिथे लाट कितीही लांब असली तरी तिची वारंवारता एका ठरावीक, खूप मोठ्या आकड्याखाली उतरत नाही. सपाटपणामुळे हा फरक पडतो. द्विमितीय असण्याचं महत्त्व ते हे.

१९७६ मध्ये ग्राइम्स आणि ॲडम्स यांनी द्रवरूप हेलियमच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये ही लाट पाहिली. पुढच्या वर्षी ॲलन, त्सुई आणि लोगन यांनी सिलिकॉनमध्ये. एमएस्सीला मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही घेऊन रंकाळ्यावर गेले होते आणि अंधार पडेपर्यंत नुसत्या लाटा बघत बसले होते. कागदावरचं वर्गमूळ पाण्यावर दिसत होतं. ज्या गोष्टीनं मला तेव्हा इतका आनंद दिला, तिचं नाव वापरून माझ्याच घरातल्या म्हातारीच्या गोळ्या बंद पाडल्या, याचा राग मला आवरत नाही.

मेसेजमधलं एवढं खरं आहे: इलेक्ट्रॉन एकत्र हलतात आणि ग्राफीनमध्येही हलतात. पण लाट तांब्यात भरून घरी आणता येत नाही, तांब्यात येतं ते पाणी. ग्राफीनमधल्या प्लाझ्मॉनचं आयुष्य सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतं. २०१८ मध्ये अतिशय शुद्ध ग्राफीन उणे २१३ अंशांपर्यंत थंड करून संशोधकांनी ही लाट दहा मायक्रोमीटरपेक्षा थोडी पुढे पोचवली, आणि ती मोठी मजल मानली गेली. माणसाच्या केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. कारखान्यात ‘भरलेली’ लाट आत्तीच्या गळ्यापर्यंत शिल्लक राहणं शक्य नाही.

“इलेक्ट्रॉनचे तीन तुकडे केले”

हा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात शास्त्रीय दिसतो, आणि माझे दोन विद्यार्थीही याला भुलले.

१९८२ मध्ये डॅनियल त्सुई (वर सिलिकॉनच्या प्रयोगात आले तेच), होर्स्ट श्टॉर्मर आणि आर्थर गोसार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या थरावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तापमान उणे २७२ अंशांच्याही खाली, चुंबकीय क्षेत्र १५ टेस्लाच्या आसपास. आपल्याकडे दवाखान्यात एमआरआयचं मशीन असतं ते दीड किंवा तीन टेस्लाचं. इतक्या थंडीत आणि इतक्या जबर चुंबकात विद्युतरोध असा वागला, जणू विद्युतभार एक-तृतीयांशाच्या हप्त्यानं मोजला जातोय. पुढच्या वर्षी रॉबर्ट लाफलिन यांनी कारण सांगितलं: सगळे इलेक्ट्रॉन मिळून एक नवाच द्रव बनवतात, आणि त्या द्रवातल्या उत्तेजनाचा भार एका इलेक्ट्रॉनच्या एक-तृतीयांश असतो. १९९७ मध्ये इस्रायल आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी विद्युतप्रवाहातल्या बारीक खरखरीवरून तो भार मोजला. लाफलिन, श्टॉर्मर आणि त्सुई यांना १९९८ चं नोबेल मिळालं. मेसेजमधलं हे साल बरोबर आहे.

पण इलेक्ट्रॉन फुटला नाही. पंगतीचं बघा. भरलेल्या पंगतीतून एक जण उठला आणि बाकीच्यांनी थोडं थोडं सरकून ती मोकळी जागा तीन ठिकाणी वाटून घेतली, तर पंगतीत तीन लहान फटी दिसतील, प्रत्येक एक-तृतीयांश माणसाएवढी. त्या फटी खऱ्या आहेत, मोजता येतात, पंगतीत इकडून तिकडे सरकवताही येतात. माणूस मात्र अख्खाच आहे. तसा त्या थरातला प्रत्येक इलेक्ट्रॉन अख्खा असतो. एक-तृतीयांश भार सगळ्यांच्या मिळून बसण्याचा असतो. काही फोडलं नाही, त्यामुळे आत कोंडलेलं काही मोकळं झालं हाही प्रश्न नाही. उलट, तो द्रव टिकवायलाच शीतयंत्र आणि चुंबक चालवून सतत ऊर्जा खर्च करावी लागते.

कुणी म्हणेल की ग्राफीनमध्ये असले परिणाम साध्या खोलीच्या तापमानालाही दिसतात. दिसलेत, पण ते एक-तृतीयांशवाले नव्हेत, पूर्णांकी, म्हणजे अख्ख्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबातले, आणि २००७ च्या त्या प्रयोगात चुंबक ४५ टेस्लापर्यंत न्यावा लागला होता. मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात तेवढं चुंबक नाही.

“गुरुत्वाकर्षणाचा कण सापडला, म्हणून गुडघे हलके”

आत्तीचा सगळ्यात जास्त विश्वास यावर बसला होता, म्हणून इथे थांबते.

मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला, हे खरं. चीनमधल्या नानजिंगचा गट आणि अमेरिकेतले सहकारी. प्रयोग त्याच प्रकारच्या थरावर: गॅलियम आर्सेनाइड, जवळजवळ निरपेक्ष शून्य तापमान, जबर चुंबक. वर सांगितलेल्या त्या द्रवाचं स्वतःचंही एक सामूहिक उत्तेजन असतं. त्याला मॅग्नेटोरोटॉन म्हणतात. त्याचा सिद्धांत गर्विन, मॅकडोनाल्ड आणि प्लॅट्झमन यांनी १९८५ मध्ये मांडला, आणि १९९३ मध्ये आरोन पिंचुक आणि सहकाऱ्यांनी प्रकाश विखुरण्याच्या पद्धतीनं ते पाहिलं. २०२४ च्या प्रयोगाची वाटही पिंचुक यांच्याच कामातून निघाली. गोल फिरणाऱ्या ध्रुवीकरणाचा प्रकाश टाकून त्यांनी या उत्तेजनाचा लांब तरंगलांबीचा प्रकार तपासला, आणि तो विशिष्ट दिशेनंच फिरतो असं आढळलं.

मग ‘ग्रॅव्हिटॉन’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कण, हे नाव या उत्तेजनाला कुठून आलं? त्या द्रवात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्याभोवती थोडी मोकळी जागा राखून असतो. ती जागा गोल असते, थापलेल्या भाकरीसारखी. हे उत्तेजन आलं की ती जागा कधी लांबट होते, कधी रुंद, आणि तो ताण गोल फिरत राहतो. गुरुत्वीय लहर अवकाशातून जाताना अंतरांचं असंच करते: एका दिशेनं ताणते, काटकोनातल्या दिशेनं दाबते. दोन्हींच्या गणिताचा साचा एक, म्हणून नाव उसनं घेतलं. शोधनिबंधाचा दावाही एवढाच आहे. पृथ्वी आपल्याला खेचते त्या बलाशी या इलेक्ट्रॉनांचा काडीचाही संबंध नाही.

हे आत्तीला समजावून पटेना, तेव्हा वजनकाटा काढला. पेंडंट न घालता ६१.३ किलो. पेंडंट घालून ६१.३ किलो. पेंडंट हातात धरून, पदराला बांधून, पायाखाली ठेवून, प्रत्येक वेळी ६१.३. गुडघ्यांवर भार येतो तो अंगाच्या वजनाचाच, आणि वजन काटा दाखवतो. भार खरंच उतरला असता तर काट्याला कळलाच असता. “मग हलकं का वाटतंय?” तिनं विचारलं. साडेतीन हजार दिले, चार बायकांनी गुण येतो म्हणून सांगितलं, आणि थंडीही सरली. गुडघेदुखी अशी कमी-जास्त होतच असते. तिला वाटणारा आराम खोटा नाही, पण तो चकतीमुळे नाही.

“शक्ती पेंडंटमध्ये भरली आहे”

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा थर. गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो ग्रॅफाइटपासून चिकटपट्टीनं सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं, हे सालही मेसेजमध्ये बरोबर आहे. ग्रॅफाइटच्या एका मिलिमीटर जाडीत असे जवळजवळ तीस लाख थर बसतात. चकती चार-पाच मिलिमीटरची. दिसायला सपाट आहे म्हणून ती द्विमितीय होत नाही.

ग्राफीन वीज उत्तम वाहून नेतं. म्हणून घरच्या घरी एक तपासणी केली. कागदावर सहा-बी पेन्सिलनं बोटभर जाड पट्टा गिरवला आणि मल्टिमीटरची दोन टोकं त्यावर टेकवली: काही हजार ओहम. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं, त्यामुळे त्या गिरवलेल्या रेघेतूनही वीज जाते. मग तीच टोकं चकतीवर टेकवली, पाठीला, पोटाला, किनारीला, दोऱ्याच्या भोकात. मीटरचा आकडा हललाच नाही, रोध अनंत. बाहेरून तरी ती चकती कपबशीच्या चिनीमातीसारखी निघाली. आठवीतलं पोरगं ही तपासणी करू शकतं. ज्यांच्या घरी असं पेंडंट आलंय त्यांनी करून बघा.

मोबाईल आणि लाईटबिल

यावर फार वेळ घालवत नाही. गळ्यातली चकती कानाला लावलेल्या फोनच्या लहरी शोषू शकत नाही. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये खरोखरच काही शोषणारं आलं, तर फोन संपर्क टिकवायला स्वतःची शक्ती वाढवतो. आणि त्या लहरी अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतातच. ते काम करणारी वस्तू असेलच तर ती हे पेंडंट.

लाईटबिलाच्या बाबतीत अर्धं सत्य एवढंच: मोटारीला योग्य कपॅसिटर लावला तर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारतो आणि ज्यांचं बिल त्या हिशेबानं येतं त्या कारखान्यांचे पैसे वाचतात. शिरोलीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला हे माहीत आहे. पण कपॅसिटर तारेनं जोडावा लागतो आणि घरचा मीटर तर नुसती वापरलेली युनिटं मोजतो. मीटरच्या डब्यावर चकती चिकटवून त्या मोजणीत काहीही बदलत नाही.

“भारतीय शास्त्रज्ञानं सिद्ध केलं”

भारतीय शास्त्रज्ञ आहे. त्याचं नावसुद्धा मेसेजमध्ये नाही, म्हणून मी सांगते. जैनेंद्र जैन. राजस्थानातल्या सांभरचे, आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की जबर चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक इलेक्ट्रॉन चुंबकीय प्रवाहाच्या सम संख्येतल्या पुंजांना (लहानात लहान ठरावीक हप्त्यांना) आपल्याशी बांधून घेतो आणि एक नवा कण असल्यासारखा वागतो. त्याला त्यांनी कॉम्पोझिट फर्मिऑन म्हटलं. एक-तृतीयांश, दोन-पंचमांश, तीन-सप्तमांश अशी एकेकटी वाटणारी अपूर्णांकांची रांग या एका कल्पनेनं एका सूत्रात बसली. २०२५ चं भौतिकशास्त्राचं वुल्फ पारितोषिक त्यांना मॉटी हायब्लम आणि जेम्स आयझेनस्टाइन यांच्याबरोबर मिळालं. हायब्लम म्हणजे १९९७ मध्ये एक-तृतीयांश भार मोजणाऱ्या इस्रायली गटाचे प्रमुख. या माणसाचं काम जगभर शिकवलं जातं. कुणी दाबून ठेवलेलं नाही. आपल्या मुलांना सांगायचं तर हे नाव सांगा.

मेसेज ज्या गटांतून मला आला, त्या तिन्ही गटांत मी हे टाकतेय. भजनी मंडळातल्या बाईंना आत्ती स्वतः सांगणार आहे. तिचं म्हणणं, “तू सांगितलंस तर त्यांना राग येईल, मी सांगते.” पेंडंट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलंय, ज्या तांब्यात ते भिजत होतं तो पाण्यासाठी वापरणं बंद केलंय. गोळी सोमवारपासून पुन्हा सुरू आहे. रोज सकाळी मी सव्वासातला फोन करते आणि आत्ती पट्टीतून गोळी काढल्याचा आवाज मला फोनवर ऐकवते. काल डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, १४२ वर ८८. आणखी आठवड्यानं बोलावलंय.